पक्की नोकरी

प्रफुल्ल भिलाईच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत बसून परदेशातल्या कंपन्यांच्या वेबसाइट बनवतो, त्यांना टेक्नॉलॉजीचे सल्लेही देतो. गल्लीच्या मते तो घरी बसून असतो.

चरोद्याहून मुलीकडचे आले. प्रफुल्लनं जर्मनीतल्या एका दवाखान्यासाठी बनवलेली वेबसाइट मोबाइलवर दाखवली. मुलीचे वडील रेल्वेतले. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, चहा संपवला आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे जी, पण पोराची पक्की नोकरी कोणती?"

पुढच्याच महिन्यात त्या मुलीची सोयरीक शेजारच्या मोनूशी जुळली. मोनू दहावी नापास. पण त्याचे वडील प्लांटमध्ये ड्यूटीवर असताना अपघातात गेले होते, आणि त्यांच्या जागी मोनूला पक्की नोकरी लागली होती.

साखरपुड्याचे पेढे घरी आले तेव्हा प्रफुल्लचे वडील त्याच प्लांटमध्ये सेकंड शिफ्टला निघाले होते. खुंटीवरचं हेल्मेट काढत ते म्हणाले, "जाऊ दे बेटा. तुले याच्याहून चांगली पोरगी भेटन."

प्रफुल्लनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"बाबा, तुमच्या रिटायरमेंटले अजून टाइम आहे ना?"

वडिलांचा हात हेल्मेटवर तसाच राहिला. ती तरी पोराला रागवेल म्हणून त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पेढ्यांच्या डब्याला झाकण लावलं.



"चारच महिने उरले," ती म्हणाली.