मखरातली बाटली

"शेंगदाण्याचं बटर कोणीही विकतं, तुमचं काजूचं मी दुकानात ठेवतो. फक्त गणपती जाईपर्यंत एक बाटली न उघडता ठेवून बघा. टिकलं तर ऑर्डर पक्की," असं रत्नागिरीचे सदाभाऊ म्हणाले आणि सुगंधा हरखून गेली. पण घर मुंबईहून आलेल्या दीर-पुतण्यांनी भरलेलं. ती टोळी स्वयंपाकघरात काही शिल्लक ठेवेल तर शपथ! म्हणून तिने बाटली थेट मखरात, बाप्पाच्या पायाशी ठेवली. तिथे हात घालायची कोणाची छाती होणार होती?

दुसऱ्याच दिवशी सदाभाऊ दर्शनाला आले. आरती संपली, आणि सासूबाईंनी त्या बाटलीचं झाकण फिरवून एकेकाच्या हातावर चमचा-चमचा ठेवायला सुरुवात केली.

"आई, अहो ती बाटली!" सुगंधा किंचाळलीच.

"देवापुढे ठेवलंस ना गो? मग प्रसादच तो," म्हणत त्यांनी शेवटी सदाभाऊंच्याही हातावर ठेवलं. गेली ऑर्डर! सुगंधाने डोळेच मिटून घेतले.



सदाभाऊंनी तळहात चाटूनपुसून साफ केला, बाटलीत अजून उरलंय हे पाहिलं, झांजा उचलल्या आणि खड्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून आरती सुरू केली.