जुन्या गाडीचा कौल

"कौल लागाक अजून घटकाभर आसा," शंकर गुरव समई पुसता पुसता म्हणाला, "आणि तू आधीच येऊन सांगतंस देवान काय बोलाचा ता? कालेजात ह्याच शिकवल्यानी तुका?"

पद्मावतीने मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले. देवळात अजून कोणी आले नव्हते, तरी तिने एकदा मागे वळून पाहिले.

"मी काय एक सांगूक नाय. इतकाच म्हणतंय, कमी भिजवलेली पाकळी पयली पडता. ह्या सगळ्यांका म्हायत आसा."

"सगळ्यांका म्हायत आसा. बोलना मात्र कोण नाय." गुरव हसला. "म्हणजे तुका नवी गाडी होयी."

पद्मावतीने मुलाचे टोपडे सारखे केले.

तिच्या सासऱ्यांनी, नानांनी, ही उघड्या हौद्याची छोटी लॉरी लढाई संपल्यावर मिलिटरीच्या लिलावात घेतली होती. बंदरावरची मासळी कोल्हापूरला न्यायची आणि येताना गूळ भरून आणायचा. गाडी चालवायचा तिचा नवरा, परशुराम. मागच्या खेपेला फोंडा घाट उतरताना ब्रेक लागेना. परशुरामाने गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली होती. मिस्त्री म्हणाला, जोडून देतो, पण या गाडीचे भाग आता मिळत नाहीत, घाटाची हमी माझ्याकडे मागू नका. नानांना दुरुस्तीच करायची होती. ज्या गाडीने घर उभे केले ती दुसऱ्याच्या दारात बघायची त्यांची तयारी नव्हती. परशुराम नुसता हसला होता. "ब्रेक नाय तर काय झाला? गियर आसा, डोंगर आसा!" शेवटी नाना म्हणाले, देवाक विचारूया.

"जुनी बिघडली काय गो?" गुरवाने समई खाली ठेवली. "खरा सांग. देवासमोर उभी आसस."

खरे तिच्या जिभेवर आले होते. पण इथे बोललेले संध्याकाळपर्यंत बाजारात पोचले असते. मग जुनीला गिऱ्हाईक मिळाले नसते, आणि जुनी विकल्याशिवाय नवी येणार नव्हती.

"नाय," ती म्हणाली. "काय एक झाला नाय तिका. ह्यांकाच नवी होयी, पण बापाशीसमोर तोंड उघडना नाय."

"घाट चढता-उतरता?"

"आठवड्यात दोनदा."

गुरवाने मान डोलावली. मग फुलांची परडी उचलून तो गाभाऱ्यात गेला.

नाना आले, परशुराम आला, शेजारपाजारचे चारजण आले. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना भिजवलेली एकेक पाकळी लावली आणि गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, नानांची गाडी जुनी झाली. दुरुस्त करून ठेवची झाली तर उजवी दी. नवी आणूची झाली तर डावी दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

पाकळ्या हलेनात. मूल कुरकुरले, पद्मावतीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. उजव्या पाकळीखालून पाण्याचा थेंब ओघळला. पाकळी जराशी सरकली. आणि तिथेच अडकली.

डावी पडली.

नाना देवापुढे आडवे झाले. उठले तेव्हा डोळे पुसत होते. "देवान सांगल्यान. आता माझा काय चलना नाय."

कसालचा दलाल आठवड्याच्या आत आला. गाडीभोवती फिरला, चाकांना लाथा मारून पाहिल्या.

"खोट काय आसा ती आत्ताच सांगा. मागाहून भांडण नको."

परशुरामाने नानांकडे पाहिले. नाना दुसरीकडे पाहू लागले.

"खोट काय एक नाय," परशुराम म्हणाला.

दाराआड उभ्या पद्मावतीने तेव्हा कुठे श्वास सोडला. घेणारा कोण हे दलालाने सांगितले नाही आणि यांनी विचारले नाही. दलालाचा माणूस गाडी घेऊन गेला. परशुराम धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यात उभा होता.

"तिका माझोच पाय समाजता," घरात येत तो म्हणाला. "दुसऱ्यान उतारावर चुकीचो गियर टाकल्यान, तर संपला."

"आता आपणाक काय त्याचा?" ती म्हणाली, आणि त्याने मान फिरवली.

तरी त्या दिवसापासून तिला झोप लागू लागली. खेपेच्या संध्याकाळी दारात उभे राहून वळणावरचा आवाज ऐकायचे काम संपले. नवी गाडी महिनाअखेरीस येणार होती. तिच्याच कामाला कोल्हापूरला जाऊन येतो, म्हणून परशुराम एका दुपारी निघाला. निघताना त्याने मुलाला उगाच बराच वेळ घेतले. "उद्या दिवेलागणीक येतंय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलल्यावर पद्मावती नारळ घेऊन देवळात गेली. गुरव पायरीवर बसला होता.

"माझे कसले उपकार गो?" नारळ घेत तो म्हणाला. मग आवाज उतरवला. "उपकार तुझेच. तू गाडी धडधाकट म्हणालंस, म्हणान तर माका बळ इला. नानांका सांगू नको हां. दलालाच्या नावान ती गाडी माझ्या पोरान, धोंडूनच घेतल्यान."

पद्मावतीने पायरीजवळच्या खांबाला हात लावला.

"धोंडूक... घाट येता?"

"खंय येता! सपाटीवर शिकलेलो तो. म्हणानच काल परशुरामाक गाठलंय, म्हटला पयली खेप तूच मार. आधी नायच म्हणी. मी विचारलंय, कित्याक रे, गाडीत काय खोट आसा? तेवां गप रवलो." गुरवाने सूर्याकडे पाहिले. "गूळ भरून आता घाट उतराक लागलो असतलो."