कावळा शिवेना

"हा कोण?" आईनं विचारलं.

परीक्षितनं लॅपटॉप जवळ ओढला. फोटोत एका हॉटेलातलं टेबल होतं. अलीकडे त्याची बायको आश्लेषा, खळखळून हसताना. पलीकडचा माणूस अर्धाच आलेला. खांदा, पिकलेले केस आणि डाव्या हातात सुपाचा चमचा.

"टूर ग्रुपमधला असेल कुणी."

"मग बाकीचा ग्रुप कुठाय?"

खरंच की! आश्लेषा कॉन्फरन्ससाठी बल्गेरियातल्या प्लोवदिवला गेली होती. रविवार मोकळा मिळाला, म्हणून गाइडेड डे ट्रिप घेऊन सोफिया बघून आली. राजधानी आहे, जुनं शहर आहे, एवढं त्याला माहीत होतं. सकाळच्या फोटोंत सोनेरी घुमटांचं चर्च होतं, पिवळ्या फरशांचा रस्ता होता, गरम झऱ्याच्या नळावर बाटल्या भरणारी माणसं होती आणि टूरची दहा-बारा डोकी होती. दुपारनंतर मात्र हे टेबल, बस्स.

"पुसून टाक तो फोटो," आई म्हणाली. "उद्या चारचौघांनी पाहिला तर?"

त्यानं पुसला नाही. पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

संध्याकाळी आश्लेषा भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सोफियात लंच कुणाबरोबर केलंस?"

"गाइडबरोबर. का रे?"

"आणि बाकीचे?"

"ते शॉपिंगला गेले."

"नाव काय त्याचं?"

"सगळे त्याला पीटर म्हणतात," ती म्हणाली आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुवायला घेतली.

त्यानंतर दोन दिवसांनी तो सकाळी गाडी काढायला गराजमध्ये गेला, तर ही तिथं आधीच उभी. अंगावर त्याचंच जॅकेट, कानाला फोन. "नाही, परीक्षितला अजून नाही सांगितलं. तुम्ही काळजी करू नका, मी बघते," असं हळू आवाजात चाललेलं. त्याला पाहिलं आणि फोन ठेवला. ऑफिसचा होता म्हणे. ऑफिसशी मराठीत?

दिवसभर त्याचं कोडमध्ये लक्ष लागेना. लग्नाला सात वर्षं झालेली. डेट्रॉइटजवळच्या ॲन आर्बरच्या थंडीत, एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये, एका हीटरपुढे पाय शेकत दोघांनी संसार उभा केला होता. ती गेली तर काय उरणार होतं त्याच्याकडे? रिकामं घर आणि भरलेला फ्रीझर. पार्किंग लॉटमध्ये बसून तो चक्क रडला.

घरी येऊन सगळं आईला सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार? तो तीन वर्षांचा असताना बाबा परदेशी ट्रेनिंगला गेले, ते परत आलेच नाहीत. अंत्यदर्शनसुद्धा नाही. आईनं नागपुरात शाळेत शिकवून त्याला एकटीनं वाढवलं. आता चार महिन्यांसाठी ती इकडे आली होती, तर नशिबी हे बघणं.

"विचारत बसू नको तिला," आई म्हणाली. "विचारलं की रचून सांगतात. तिच्या माहेरी पुण्याला पाठव सरळ."

"असं कसं पाठवू, आई?"

"मग बस तिची वाट बघत. मी बसले होते, तसा."

पितृपक्ष चालू होता. बाबांची तिथी गुरुवारी होती, पण इथं गुरुवारी सुट्टी कोण देतो? सालाबादप्रमाणे श्राद्ध रविवारी ठेवलं. सकाळी आश्लेषा खिरीचं दूध आटवत होती. ती म्हणाली, "आई, बाबांना पाटवडीचा रस्सा फार आवडायचा ना? करू का?"

वड्याचं पीठ मळणारा आईचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"नागपूरचे ना ते. म्हटलं, आवडत असेल."

"श्राद्धाला पाटवडी करत नाहीत. सांगितलं तेवढं कर."

परीक्षितला चीड आली. एवढं गोडगोड बोलणं कशासाठी ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सीडीवर मंत्र लागले. तो पाणी सोडायला बसला आणि सवयीनं डावा हात पुढे आला.

"उजवा!" आई ओरडली. "जन्मभर सांगतेय, उजवा!"

ताट मागच्या डेकवर ठेवलं आणि तिघं जाळीच्या दाराआड उभे राहिले. शेजाऱ्याच्या बास्केटबॉलच्या खांबावर एक कावळा बसला होता. त्यानं ताटाकडे पाहिलं, मान वाकडी केली आणि उडून गेला. एक खार तेवढी वड्यावर डोळा ठेवून होती. अर्धा तास झाला. खीर गार झाली.

"बाप्पा! शिवेल कसा?" आई म्हणाली. "घरात पाप शिजत असलं की पितर जेवत नाहीत."

परीक्षितचा बांध फुटला. "आश्लेषा, इनफ! कोण आहे तो पीटर? गराजमध्ये कुणाशी बोलतेस? मला सोडून जायचं असेल तर तोंडावर सांग. असं लपूनछपून नको, प्लीज."

आश्लेषानं पदराला हात पुसले. त्याच्याकडे नाही, आईकडे पाहिलं.

"आई, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. आता तरी सांगता?"

"मी काय सांगायचं?" आईनं दार सरकवलं. "परीक्षित, ताट आत घे. नाही शिवायचा आज."

"तो नाहीच शिवणार," आश्लेषा म्हणाली. "परीक्षित, तुझे बाबा उद्या दुपारी डेट्रॉइटला उतरतायत."