डोसाचा कागद

घाटकोपरच्या त्या चाळीत प्रौढ वर्गाला जाऊन वाचायला शिकलेली सुगंधा एकटीच. दवाखान्याच्या नर्सबाईंनी वाटलेला कागद शेजारच्या प्रेमानं नळावर तिच्यापुढे धरला, “वाच गं, मास्तरीणबाई!” पहिलीच ओळ स्तनांच्या तपासणीची. बाजूला दशरथभावजी दात घासत उभे. “पोलिओच्या डोसाचं आहे काहीतरी,” म्हणत सुगंधानं कागद कमरेला खोचला. सहा महिन्यांनी प्रेमानं दार लावून तिचा हात आपल्या छातीतल्या गाठीवर ठेवला. “दुखत नाही, मग कशाला दाखवायची?” प्रेमा म्हणाली. सुगंधानं तांदळाच्या डब्याखालचा तो कागद काढून अखेर वाचून दाखवला: गाठ दुखत नसली तरी लगेच दाखवा. प्रेमा चपला घालून निघाली, मागोमाग कागद घेऊन सुगंधाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाई रागावल्या, “कागद वाटले होते ना? इतके दिवस काय केलंत?” “मला वाचता येत नाही, बाई,” प्रेमा म्हणाली. सुगंधानं हातातला कागद पदराखाली लपवला.