बिनटोकाचं कडं

बाजारात सोमी मुकणेच्या टोपलीतल्या अळंबीला डॉ. अनघा टिपणीसांनी तपासणीची पट्टी टेकवली. पट्टी निळी झाली.

"विषारी आहे, सोमीबाई. विकू नका."

"माझ्या आईनं दावलेल्या वारुळावरची हाय, बाई. आमी पिढ्यान् पिढ्या खाल्ली. चांगली उकळली तर?"

"तरी नाही. विषारी भूछत्रात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते प्रथिनाचा धागा कापतं आणि दोन्ही टोकं जोडून त्याचं कडं करतं. कड्याला मोकळं टोकच नसतं, म्हणून ते विष उकळून सुटत नाही की पोटात पचत नाही."

"मग ते चांगल्या अळंबीत आलं कुठनं?"

या प्रश्नाला अनघाताई प्रत्येक बाजारात "शोध चालू आहे" असं उत्तर देत आल्या होत्या. आज मात्र त्या सोमीसमोर खाली बसल्या.

"माझ्यामुळे. पोटात टिकणारी औषधं करायला आम्ही त्या विकराचं जनुक यीस्टमध्ये घातलं. औषधांनी माणसं वाचली. पण उरलेला चोथा खत म्हणून रानात गेला, तिथून ते अळंबीत शिरलं. परवानगीवर सही माझी होती."

सोमीने टोपली बाजूला सारली.

"गेल्या श्रावणात माझा नवरा माझ्या हातची अळंबी खाऊन गेला," ती म्हणाली. "पाड्यावर सगळे म्हणतात, सोमीची नजर चुकली. मीबी तेच धरून चालले."

"तुमची नजर चुकली नव्हती."

"हे तिथं येऊन सांगाल?"

अनघाताई उठल्या. पाड्यावर पोचताच सोमीने सासूला अंगणात बोलावलं, हाताला धरून बसवलं आणि म्हणाली, "आये, या बाईंचं ऐक."