ऊब

“काचेला कपाळ टेकू नका हो, डाग पडतात,” सिस्टर जाता जाता म्हणाली, तशी बाळांच्या वॉर्डाबाहेर उभी असलेली ती मागे सरली. जरा वेळानं कपाळ पुन्हा काचेवर होतंच.

पलीकडे बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांची रांग होती. खिडकीकडच्या पेटीत तिचा मुलगा होता, सातव्या महिन्यातच आलेला. ओंजळीत मावेल एवढं अंग, त्याला चिकटवलेल्या नळ्या, आणि कुणीतरी विणून दिलेली टोपी, तीही डोळ्यांवर उतरणारी. जन्मल्यापासून तिनं त्याला एकदाही घेतलं नव्हतं. पेटीच्या भोकातून हात घालून एक बोट त्याच्या मुठीत द्यायचं, एवढीच परवानगी. तिचं दूधसुद्धा त्याला नळीतून जाई. कधी कधी तिला त्या पेटीचा हेवा वाटे.

ती बेकरीत भट्टीपाशी कामाला होती. यंदा ऊन लवकर सुरू झालं आणि मग उतरायचं नावच घेईना. रात्रीसुद्धा भिंतींना हात लावला तर चटका बसे. एका दुपारी भट्टीपुढेच तिला भोवळ आली, आणि दिवेलागणीच्या आत पोर जगात आलं.

“या उन्हाळ्यात अशी बाळं फार येताहेत,” डॉक्टर म्हणाले होते. “एवढा उष्मा आईला सोसत नाही, तर पोटातल्याला कसा सोसेल?”

डॉक्टरांनी सहज सांगितलं. तिच्या मनात मात्र ते काट्यासारखं मोडून राहिलं. आपल्याच अंगाची धग लागली आणि पोर बाहेर पळालं, असंच ती धरून बसली.

“अगं, बस की जरा,” बाकावरून सासूबाई म्हणाल्या. हातातल्या पुठ्ठ्यानं त्या वारा घेत होत्या. “बघून बघून वजन वाढणार आहे का त्याचं?”

“वाढलं तर?”

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. “सरक. मीही बघते.”

तेवढ्यात वीज गेली.

आता जनरेटर लागेल म्हणून सगळे होते तिथेच थांबले. मागच्या आवारातून घरघर ऐकू आली, दोन आचके बसले आणि आवाज बंद झाला. “तापून बसला!” कुणीतरी ओरडलं. पेट्यांवरचे दिवे थोडा वेळ बॅटरीवर तगले, मग एकेक करून मालवले. आत डॉक्टर हातानं रबरी पिशवी दाबून एका बाळाला श्वास देत होते.

काचेचं दार उघडलं. “आयांनो, आत या! हात धुवा आणि या. घाई नको, पण रेंगाळू पण नका!”

ती पोचली तेव्हा सिस्टरनं तिच्या बाळाला नळ्यांसकट उचललं होतं.

“बटणं सोडा. छातीशी घ्या. अंगाला अंग लागू दे.”

इतके दिवस ज्यासाठी जीव तळमळत होता ते समोर आलं आणि तिनं हात मागे घेतले.

“नको सिस्टर. माझं अंग फार गरम असतं. बाधेल त्याला.”

“कुणी सांगितलं?”

तिनं गळ्याशी कापड मुठीत आवळून धरलं.

“हे बघा, बंद पेटीत तो उकडेल. उघड्यावर ठेवला तर गार पडेल, एवढ्याशा अंगाला स्वतःची ऊब धरता येत नाही. किती हवं, किती नको, हे यंत्राला बटणं दाबून सांगावं लागतं. तुमच्या छातीला आपोआप कळतं. बसा बघू.”

ती बसली. सिस्टरनं बाळ तिच्या छातीवर ठेवलं, वरून एक पातळ फडकं टाकलं आणि पुढच्या पेटीकडे धावली.

वजन असं काही लागलंच नाही. तिच्या हातातला पावसुद्धा याहून जड लागायचा. आधी त्यानं हातपाय आखडून घेतले. ती श्वास रोखून बसली. मग एक पाय सैलावला, दुसरा सैलावला, आणि गाल तिच्या छातीवर टेकला. त्याचा श्वास धावत होता. हळूहळू तो तिच्या श्वासाच्या जवळ आला. तिच्या गळ्यावरून घाम ओघळत होता. तिनं पुसला नाही.

काचेशी उभं राहून त्याला सांगायचं म्हणून तिनं काय काय साठवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

“आलास?” एवढंच ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं दिवे आले. पंखे फिरले, यंत्रं पिकपिक करू लागली. डॉक्टरांनी भिंतीला पाठ टेकली. वॉर्डातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिनं मात्र मान वर केली नाही. आणखी थोडा वेळ वीज नसती तर, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि आजूबाजूला इतकी पोरं असताना ते मनात आल्याची तिची तिलाच लाज वाटत होती.

सिस्टर एकेका बाळाला पेटीत ठेवत तिच्यापर्यंत आली. सिस्टरनं हात पुढे केले.

“घ्या,” ती म्हणाली. तिची बोटं काही सुटेनात.

सिस्टरनं बाळाच्या पाठीला हात लावून पाहिला. छातीचं वरखाली होणं निरखलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं, वळली आणि पेटीत हात घातला.

“अजून गारच आहे,” सिस्टर म्हणाली. “तापायला वेळ लागेल हिला.”

आणि पुढच्या बाळाकडे गेली. पेटी तापल्याचं सांगणारा हिरवा दिवा केव्हाच लागला होता.