नवसाची पिल्लं

खड्डा खणून झाला, जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं, आणि शेडमधला चिवचिवाट एकदम मोठा वाटायला लागला.

इस्मतखानुम दारातच उभी राहिली. उबवणी केंद्र तिचं, अंडी तिनं उबवलेली. कालच बाहेर आलेली पिल्लं पेट्यापेट्यांतून एकमेकांच्या अंगावर चढत होती, आणि ती नेणारे कोंबडीवाले फोनवर 'माफ करा खानुम' म्हणून मोकळे झाले होते. त्यांचं तरी काय चुकलं? खायला घालणार काय, कपाळ? मका आणि सोयापेंड भरलेलं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. पैसे तयार होते, पण अमेरिकेच्या निर्बंधांच्या धाकानं ते घ्यायला परदेशातली एकही बँक धजत नव्हती.

"पोटातल्या बलकावर उद्यापर्यंत तगतील," दीर कियूमर्स म्हणाला. "मग तडफडून मरतील. त्यापेक्षा आत्ताच मातीआड केलेली बरी, वहिनी. सगळे तेच करतायत."

"करू देत सगळे. मी नाही करणार."

"मग काय अमेरिकेशी भांडणार?"

"भांडेन की! आधी ते मोहरमचे वाडगे काढ."

दर मोहरमला केशरी खीर वाटायचे ते वाडगे. तिनं एकेका वाडग्यात मावतील तेवढी पिल्लं ठेवली, वर फडकं टाकलं आणि निघाली. पेट्या उचलून कियूमर्स चरफडत मागे.

पहिलं दार भातगिरणीवाल्या यदुल्लाचं. उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा माणूस! फडकं उचलून तो दोन पावलं मागेच सरला.

"हे गं काय?"

"नवसाचं आहे, चाचा. जहाज धक्क्याला लागू दे म्हणून."

"अगं, नवस काम झाल्यावर फेडतात!"

"मी आधीच फेडतेय. या खेपेला उधारी देवाकडे राहू दे."

नवसाचं नाकारायची कुणाची छाती होणार? यदुल्लानं तोंड वाकडं करून वाडगा घेतला. पुढच्या दारानं घेतला, त्याच्या पुढच्यानंही घेतला. पण संध्याकाळ झाली, गाव संपलं, आणि दोघं केंद्रावर परतली तेव्हा निम्म्या पेट्या अजून तशाच चिवचिवत होत्या.

"आता?" कियूमर्सनं विचारलं.

इस्मतखानुमला रडू कोसळणार होतं. तेवढ्यात फाटकातून यदुल्ला आला. हातात तिचाच वाडगा, तांदळाच्या कणीनं शिगोशीग भरलेला.

"असं बघू नकोस," तो खेकसला. "नवसाचं भांडं रिकामं परत देतात का कुठं?"

त्याच्यामागे अख्खी गल्ली आली होती. कुणाच्या वाडग्यात कोंडा होता, कुणाच्यात वाळक्या रोटीचा चुरा, तर कुणी भरडलेला गहू आणला होता. कियूमर्सनं पहिली पेटी उघडली आणि कणीची मूठ आत टाकली. चिवचिवाट थांबून नुसती टकटक सुरू झाली.

"खानुम, सकाळपासून बसलोय," जेसीबीवाला ओरडला. "खड्ड्याचं काय करू?"

इस्मतखानुमनं ओढणीनं डोळे पुसले.

"बुजव. वर मका लावायचाय."